वाचकांचे प्रश्न : लाइट कुणाच्या तोंडावर मारताय?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेले, की शांततेवरच्या लाइट शोमध्ये कबुतर उडायला लागलं की मी घड्याळ बघते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय या महिन्यात बाजूला ठेवावे लागले. काही जण चिडलेत, काहींनी खरंच चांगले प्रश्न विचारलेत, एकांनी तर कबुतराची बाजू घेऊन दोन पानं लिहिलीत. तर आज सगळं प्रकाश, युद्ध आणि शांतता यावरच. आधीच सांगते, मी कलासमीक्षक वगैरे नाही, तीस वर्षं नाटकांचे लाइट्स करतेय, त्यातली निम्मी नाटकं स्पर्धेतली, त्यामुळे उत्तरं त्याच अंगानं येणार.

प्रश्न : ताई, माझा भाचा न्यू यॉर्कजवळ राहतो. दर ११ सप्टेंबरला फोटो पाठवतो, आकाशात दोन निळे खांब. फोटो मस्त असतो पण मला कळत नाही याला कला का म्हणायचं, मोठा टॉर्चच ना तो? आणि त्यात पक्षी अडकतात म्हणून मधेच बंद करतात म्हणे, खरंय का? (एक निवृत्त वीज कर्मचारी, नाशिक)

उत्तर : काका, तुम्ही वीज खात्यातले म्हणून आधी हिशेब, मग कला. ८८ झेनॉन सर्चलाइट, एकेक ७००० वॉटचा, दोन चौकोनांत मांडलेले, चौकोनाची बाजू ४८ फूट. सगळे मिळून ६१६ किलोवॉट झाले, म्हणजे दीड टनाचे चारशेएक एसी एकदम लावल्यासारखं. २००१ च्या अतिरेकी हल्ल्यात पडलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन टॉवर्सच्या जागेवर नाही लावत, तिथून जवळच एका पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर मांडतात. पहिल्यांदा लावले ११ मार्च २००२ ला, हल्ल्याला सहा महिने झाले तेव्हा, नंतर दरवर्षी सप्टेंबरात अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत.

आता टॉर्च की कला. ज्यांना ही कल्पना सुचली त्यातले दोघे आर्टिस्ट, ज्युलियन लव्हर्डिअर आणि पॉल मायोडा, त्यांनी सुरुवातीला याला नाव दिलेलं फँटम टॉवर्स, म्हणजे मनोऱ्यांची भुतंच म्हणा. पुढे टॉवर्स ऑफ लाइट, म्हणजे प्रकाशाचे मनोरे, असं ठरत होतं. गेलेल्यांच्या घरच्यांना ते पटलं नाही, आमची माणसं गेलीत आणि तुम्ही बिल्डिंगची आठवण काढताय असं त्यांचं म्हणणं. मग नाव बदलून ट्रिब्यूट इन लाइट झालं. दिवे तेच, वॉट तेवढेच, पण तुम्ही वर बघताना मनात काय आणायचं ते नावानं ठरवलं. टॉर्चला असलं काही करावं लागत नाही काका, टॉर्च म्हणजे टॉर्च, त्याच्या नावावरून कुणी दुखावत नाही.

पक्ष्यांचं खरंय. सप्टेंबर म्हणजे स्थलांतराचा महिना, छोटे पक्षी रात्रीच उडतात, ते त्या झोतात शिरले की बाहेर पडेनात, गोल गोल फिरत ओरडत राहतात. २०१७ साली यावर अभ्यास छापून आला, सात वर्षांतल्या सात रात्री धरून साधारण अकरा लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज त्यात होता. दिवे बंद केले की काही मिनिटांत पांगतात. म्हणून तिथं माणसं बसून मोजतात, झोतात हजारावर पक्षी दिसले की वीस मिनिटं दिवे बंद. मला ही वीस मिनिटं त्या सगळ्या प्रकारातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, दुखवट्याचा दिवा पाखरांसाठी विझवायचा. ठरवून केलेली कला नाहीये ती, पण असो.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा आकाशात सरळ झोत उभा करायचा प्रकार आला कुठून? युद्धात सर्चलाइट वापरायचे ते विमानं शोधायला, म्हणजे रात्री बॉम्ब टाकायला आलेलं विमान उजेडात पकडायचं आणि खालून तोफ मारायची. १९३० च्या दशकात न्यूरेंबर्गला नाझी पक्षाचे मेळावे व्हायचे तेव्हा हिटलरचा आर्किटेक्ट आल्बर्ट श्पेअर यानं जर्मन हवाई दलाचे असले सव्वाशे-दीडशे सर्चलाइट मागून आणले आणि मैदानाभोवती बारा-बारा मीटरवर आकाशाकडे तोंड करून उभे केले. त्याला म्हणायचे प्रकाशाचं कॅथिड्रल. ब्रिटनचे राजदूत नेव्हिल हेंडरसन ते बघून म्हणाले बर्फाच्या कॅथिड्रलमध्ये बसल्यासारखं वाटतं. म्हणजे विरोधी गोटातला माणूससुद्धा भारावला! श्पेअरनं नंतर लिहून ठेवलंय की हवाई दलाचा प्रमुख गोरिंग कुरकुरत होता, देशाचे राखीव सर्चलाइट जवळजवळ सगळे तुम्ही इथं लावलेत म्हणून, तर हिटलरचं म्हणणं उलट चांगलंय, बाहेरच्यांना वाटेल आपल्याकडे ढिगानं आहेत.

म्हणजे बघा, तेच यंत्र. एकदा विमान पाडायला, एकदा लाखभर लोकांना भारावून टाकायला, एकदा दुखवट्याला. म्हणून कुणी मला "प्रकाश म्हणजे आशा" वगैरे सांगायला लागलं की मी विचारते, बाबा, लाइट कुणाच्या तोंडावर मारतोयस?

हा प्रश्न मला एका प्रयोगात शिकायला मिळाला. नाटकात पोलिस चौकशीचा सीन होता, मी तरुण, हौस भारी, एक हॅलोजन थेट प्रेक्षकांवर वळवला, त्यांनाही आरोपी वाटू दे म्हणून. प्रयोगानंतर एक म्हातारे गृहस्थ आत आले, शांतपणे म्हणाले बाई, मला खुर्चीतून उठून पळावंसं वाटलं, गुडघे चालत नाहीत म्हणून बसलो. मला वाटलं कौतुक करताहेत. मी थँक्यू म्हणाले! नंतर कुणीतरी सांगितलं की ते आणीबाणीत आत होते. पुढच्या प्रयोगाला तो हॅलोजन काढला.

प्रश्न : बाळ, मी ७८ वर्षांची आहे, गिरगावात वाढले. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, सायरन वाजला की घरात मेणबत्तीसुद्धा नाही. फट राहिली की खालून ओरडायचे, लाइट बंद करा. आमच्यासाठी अंधार म्हणजे जीव वाचणं. मग हे सगळे कलावंत शांतता दाखवायची झाली की दिवेच का लावतात? (एक आजी, आता ठाणे)

उत्तर : आजी, अख्ख्या डाकेत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तुम्ही म्हणताय ते बरोबरच, युद्धात उजेड म्हणजे पत्ता. वरच्याला कळतं खाली माणसं आहेत.

आणि म्हणूनच युद्ध संपलं की आधी काय करावंसं वाटतं तर खिडकीचा कागद फाडून दिवा लावावासा वाटतो. दिवा लावता येणं हीच चैन. तुम्हीही तो कागद फाडला असणारच ना, कसं वाटलं ते मला लिहून पाठवा, खरंच पाठवा.

पण अंधार वापरणारेही आहेत. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे १९१४ च्या ऑगस्टात, पहिलं महायुद्ध सुरू होता होता, खिडकीतून रस्त्यावरचे दिवे बघून म्हणाले होते की युरोपभर दिवे विझताहेत, आपल्या हयातीत ते परत लागलेले दिसायचे नाहीत. ते धरून बरोबर शंभर वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१४ ला, रात्री दहा ते अकरा ब्रिटनमधल्या लोकांनी घरातले दिवे बंद केले, एकच मेणबत्ती किंवा एकच दिवा ठेवायचा. अकराला युद्ध पुकारलं गेलं होतं म्हणून अकरापर्यंत. मला हे फार आवडतं, कारण याला तिकीट नाही, स्टेज नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरात उठून बटण बंद करायचं.

गंमत म्हणजे त्याच रात्री लंडनमध्ये पार्लमेंटशेजारच्या बागेत र्‍योजी इकेदा नावाच्या जपानी आर्टिस्टनं ४९ सर्चलाइट सात बाय सातच्या जाळीत मांडून एक पांढरा खांब आकाशात उभा केला, आठवडाभर रोज रात्री. स्पेक्ट्रा त्याचं नाव. सगळं शहर अंधार करून बसलेलं आणि मधे हा. फोटोत जबरदस्त दिसतं. पण मला विचाराल तर त्या रात्री घरात बसून एका मेणबत्तीकडे बघणारी माणसं जास्त जवळची वाटतात, सर्चलाइट म्हटलं की वर सांगितलेलं न्यूरेंबर्ग माझ्या डोक्यातून जात नाही, त्यात इकेदाचा काही दोष नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत यंदा लेझरवर "विश्वशांती" थीम आहे, तुमचं मत? (सातारा)

उत्तर : लेझर डोळ्यात गेला की आतला पडदा भाजू शकतो, कायमचा. मिरवणुकीतल्या लेझरनं डोळे गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येऊन गेल्यात. लोकांच्या डोळ्यांत विश्वशांती मारू नका. झालं माझं मत.

प्रश्न : ताई मी शिकायला बाहेर आहे, इथं एका गॅलरीत मोना हातूमचा एक कंदील बघितला, पितळी, छताला टांगलेला, हळूहळू फिरणारा. खोलीभर सावल्या फिरत होत्या आणि मी चक्क व्हिडिओ काढत होते, इतकं सुंदर. मग एकदम लक्षात आलं की त्या सावल्या बंदूकधारी सैनिकांच्या आहेत. मला कसंतरीच झालं, सुंदर वाटलं याची लाज वाटली. हे मुद्दाम असतं का? (कोल्हापूरची, सध्या परदेशात)

उत्तर : असतं गं, मुद्दामच असतं, आणि तुला लाज वाटली म्हणजे काम चोख झालं.

त्या कंदिलाचं नाव मिस्बाह, अरबीत दिवा. हातूम मूळची पॅलेस्टिनी कुटुंबातली, जन्म बैरूतचा १९५२ चा. १९७५ साली ती लंडनला गेली होती, थोड्या दिवसांसाठीच, आणि मागे लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली, परत जाता येईना, ती तिथंच राहिली. आता हे माहीत असताना तो कंदील परत बघ. लहान मुलांच्या खोलीत झोपताना लावतात तसा दिवा, भिंतीवर चांदण्या फिरताहेत, आणि चांदण्यांसोबत सैनिक चालताहेत, गोल गोल, न थांबता, एकामागून एक, कुठंच न पोचता. ज्या घरात झोपवणारा दिवाच असला, त्या घरात झोप कसली येणार. आणि त्या चांदण्यासुद्धा नीट बघ, स्फोट झाल्यावर उडतं तशा दिसतात की नाही.

मला तांत्रिक अंगानं यातली हुशारी जास्त आवडते. सैनिक म्हणजे पितळेत पाडलेलं भोक. तिथं धातूच नाहीये! भिंतीवर जो सैनिक दिसतो तो उजेडाचा आहे, आणि जे पितळ शाबूत राहिलं त्यानं अंधार केला. आपण स्टेजवर गोबो लावतो ना, पत्र्याची चकती कापून खिडकीची, झाडाची आकृती पाडतो, तेच. फक्त आम्ही खिडकी पाडून मोकळे होतो, हिनं त्यात घर गमावलेलं बसवलं.

आणि असलं काम बघायला परदेशातच जायला पाहिजे असं नाही हं. नलिनी मलानी आपल्या मुंबईच्या, जन्म कराचीचा १९४६ चा, म्हणजे फाळणीत इकडे आलेलं घर. त्या मायलार नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळकांड्यांवर आतल्या बाजूनं चित्रं काढतात, ती छताला टांगून फिरवतात आणि त्यातून प्रोजेक्टरचा झोत सोडतात. चित्राची सावली, व्हिडिओ, परत दुसऱ्या नळकांड्याची सावली, सगळं भिंतीवर एकमेकांत मिसळत राहतं. २०१२ साली जर्मनीत कासेलच्या डोक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं असं मोठं काम होतं. पण माझ्या मनात रुतून बसलंय ते त्याआधीचं, १९९८ च्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर केलेलं. फाळणीवरच्या मंटोच्या टोबा टेक सिंग या गोष्टीवरून त्याचं नाव होतं. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या, प्रत्येक ट्रंकेत कपड्यांच्या जागी टीव्हीचा पडदा. आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, दोघी मिळून एक साडी घडी करायचा प्रयत्न करताहेत, एक या भिंतीवर, एक त्या भिंतीवर, मधे अख्खी खोली.

साडीची घडी दोघींनी घालतात तेव्हा काय होतं तुला माहितीये ना, एक पाऊल पुढं यायचं, टोक दुसरीच्या हातात द्यायचं, परत मागे. आई आणि मावशी गच्चीवर करायच्या ते मला अजून दिसतं, मधेच हसत, टोक सुटलं की एकमेकींना नावं ठेवत. आता मधे सीमा टाक. ती घडी होणारच नाही. शांतता दाखवायला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे, सांग बरं. यात ना कबुतर आहे ना जळणारं जग, दोन बायका आहेत आणि न होणारी घडी.

तर लाज वाटू देऊ नकोस. व्हिडिओ मात्र पाठव मला.

प्रश्न : बर्लिनमध्ये राहतो. तुमचं सगळ्यात आवडतं लाइटचं काम कुठलं? एकच सांगा. (एक आयटीवाला)

उत्तर : तुझ्याच गावातलं रे! २०१४ च्या नोव्हेंबरात भिंत पडल्याला २५ वर्षं झाली तेव्हा ख्रिस्तोफर आणि मार्क बाउडर या भावांनी जुन्या भिंतीच्या जागेवर, शहराच्या मधून, साधारण १५ किलोमीटर, आठेक हजार पांढरे उजळलेले फुगे काठ्यांवर लावले. उंची साधारण भिंतीएवढीच. ७ ते ९ नोव्हेंबर, तीनच दिवस. आणि शेवटच्या संध्याकाळी एकेका फुग्याची जबाबदारी घेतलेल्या माणसांनी आपापला फुगा चिठ्ठी बांधून सोडून दिला, ओळीनं एकामागून एक, भिंत वर उडून गेली. आवडायचं कारण हे की फुग्यांच्या मधून माणूस या बाजूनं त्या बाजूला आरामात जाऊ शकत होता. ज्या रेषेवर गोळ्या घातल्या जायच्या तिथून लोक बाबागाडी ढकलत गेले. तू तेव्हा तिथं होतास का? असशील तर जळफळाट.

प्रश्न : आमच्याकडे वाईला त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेत दिवे सोडतात. हिरोशिमातही ६ ऑगस्टला नदीत कंदील सोडतात असं टीव्हीवर बघितलं. म्हणजे सगळीकडे भावना एकच ना? (एक वाचक, वाई)

उत्तर : दिसायला एक, भावना मात्र नेमकी उलटी आहे असं मला वाटतं, आणि हे लिहिताना मी जरा जपूनच लिहितेय कारण त्रिपुरीला मीही दिवे लावते.

आपली त्रिपुरी कशाची? शंकरानं त्रिपुरासुराची तीन पुरं एका बाणात जाळली त्याची. देवळापुढच्या दगडी दीपमाळा उजळतात, नदीत द्रोणातून दिवे जातात, सगळा घाट सोन्याचा होतो, आणि मुळात तो तीन शहरं जाळल्याचा आनंद आहे. लहानपणी कधी डोक्यात आलं नव्हतं की त्या पुरांत राहणारे कोण होते. असुर होते, संपलं.

हिरोशिमात मोतोयासू नदीत जे कागदी कंदील सोडतात ते जळालेल्या शहराच्या बाजूनं सोडतात. आपण जाळणाऱ्याच्या बाजूनं, ते जळालेल्यांच्या. त्या दिवशी भाजलेली माणसं पाण्यासाठी नदीकडेच धावली होती, तिथंच गेली, म्हणून कंदील नदीत.

आणखी एक आहे. त्या गावात उजेड हाच मारणारा होता. सकाळी सव्वाआठला आधी लखकन् उजेड झाला, मग आवाज. म्हणून तिथले लोक बॉम्बला पिकादोन म्हणायला लागले, पिका म्हणजे लख्ख, दोन म्हणजे धडाम. स्फोटाच्या खाली जी जागा येते तिथून २६० मीटरवर एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं, बँक उघडायची वाट बघत असणार. बाकी पायरी उजेडानं पांढुरकी झाली, माणूस होता तेवढा भाग काळा राहिला. ती पायरी आता तिथल्या म्युझियममध्ये आहे. आम्ही सावली पाडायला दिवा शोधतो, तिथं दिव्यानं सावली दगडात ठेवली आणि माणूस नेला. अशा गावात शांततेसाठी दिवा लावायचा म्हणजे किती विचार करून लावावा लागत असेल.

एकानं केला तसा विचार. क्शिश्तोफ वोदिच्को, पोलंडचा. मोठमोठ्या इमारतींवर प्रोजेक्शन करणारा माणूस. १९९९ च्या ऑगस्टात तो हिरोशिमाला आला. तिथं तो घुमट आहे ना, बॉम्बनंतर सांगाडा उरलेला, सगळ्यांच्या फोटोतला. दुसरा कुणी असता तर त्या घुमटावरच कबुतरं उडवली असती. यानं घुमटाला हात लावला नाही. त्याच्या खालच्या नदीकाठच्या दगडी बांधावर नुसते हात दाखवले. वाचलेल्या लोकांचे हात, बोलताना हलणारे, एकमेकांत गुंतणारे, आणि स्पीकरवर त्यांचेच आवाज. चेहरे नाहीत. त्यात कोरियनही होते, म्हणजे जपाननं ज्यांना राबवायला आणलं होतं आणि जे बॉम्बखालीही सापडले. वर घुमट, खाली प्रचंड मोठे हात, त्याखाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. असं वाटतं की तो मोडका घुमटच हातवारे करून बोलतोय.

तुम्ही त्रिपुरीला दिवे सोडणं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी यंदाही लावणार. फक्त त्या तीन पुरांत कोण राहत होतं, हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ६ ऑगस्टला आम्ही सातवीच्या मुलांकडून काहीतरी प्रकाशाचं करून घ्यायचं म्हणतोय. बजेट पाचशे रुपये, त्यातही निम्मे मी घालणार. कबुतर आणि भारताचा नकाशा असं ठरत होतं, तेवढ्यात तुमची ती ओळ वाचली आणि पंचाईत झाली. काय करू? (एक बाई, परभणी जिल्हा)

उत्तर : बाई, सॉरी. पण पंचाईत झाली ते बरं झालं.

फिरता कंदील करा. पाचशेत होतो, उरतात पण. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, दोन्हीकडून उघडा करा. मुलांना सांगा, अचानक घर सोडून पळावं लागलं तर काय उचलाल, एकच वस्तू, ती खडूनं डब्यावर काढा. बंदुका सांगू नका, त्या न सांगता येतातच. कुणी सायकल काढेल, कुणी शेळी, कुणी मोबाइल, एखादं पोर आजीला काढेल. तीच आकृती पत्र्यातून कापायची. आकृतीच्या मधे कुठं जोड ठेवायचा ते आधी बघा, नाहीतर कापता कापता अख्खा तुकडा गळून पडतो. भोकं बोटभर तरी ठेवा.

दिव्याचं नीट ऐका, इथंच सगळे चुकतात. घरातला एलईडी बल्ब लावलात तर भिंतीवर नुसता धुरकट उजेड दिसेल, शेळीची शेळी दिसणार नाही, कारण त्या दुधी गोळ्यातून उजेड सगळीकडून बाहेर पडतो. सावली धारदार पाहिजे तर उजेडाचा उगम बारीक पाहिजे. मेन्सचा वायर पत्र्याच्या डब्यात अजिबात नको, त्यात ऑगस्टातली ओल. गॅरेजमधून गाडीच्या ब्रेक लाइटचा बल्ब आणा, १२ व्होल्ट, २१ वॉट, साध्या पारदर्शक काचेचा, आणि कुणाच्या तरी स्कूटरची चार्ज केलेली बॅटरी उसनी घ्या, दोनेक तास चालते. बल्ब काठीवर खालून डब्याच्या बरोबर मधे उभा करा, भाजतो तो, मुलांना हात लावू देऊ नका. डबा वरून सुतळीला टांगा, सुतळीला पीळ द्या आणि सोडून द्या. डबा फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, परत थांबतो. मोटर लागतच नाही, आणि तो जो मधे थांबतो ना, ते मोटरपेक्षा मला जास्त आवडतं.

तेवढंही जमलं नाही तर मोबाइलचा टॉर्च. चेष्टा नाही करत, त्याचा एकच बारीक ठिपका असतो, सावली अगदी कापल्यासारखी पडते.

वर्गाच्या खिडक्यांना कागद लावून घ्या, कुठला ते वर गिरगावच्या आजींनी सांगितलंच आहे. कंदील भिंतीपासून आठ-दहा फुटांवर टांगा आणि बघायला येणाऱ्यांना मधून जाऊ द्या, दोरी बांधून अडवू नका. सरपंच आले, मुख्याध्यापक आले, तर त्यांचीही सावली त्या सायकली-शेळ्यांमध्ये पडू दे भिंतीवर. भाषण नको. झालंच तर बाहेर, आधी.

आणि पत्रा तुम्ही स्वतः किंवा कुणा लोहाराकडून कापून घ्या, मुलांना फक्त खडूनं काढू दे. कापून झाल्यावर सगळ्या कडा कानशीनं घासा, आतल्या बाजूनंसुद्धा. सगळे विसरतात ते आतून घासायला, आणि पोरं नेमकं तिथंच बोट घालतात.